‘थोडंसं चालतं हो’ म्हणू नका: मुंबईतल्या पोळी-भाजी केंद्रवाल्यांना, खानावळवाल्यांना आणि केटरर्सना खुलं पत्र

नमस्कार,

मी मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टला, नोकरीला बावीस वर्षं झाली. म्हणजे या शहरातल्या इतर बायकांचं असतं तसंच, सकाळी घरचं आवरून लोकल, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी परत लोकल आणि स्टेशनबाहेर पडताना तुमच्या काउंटरवरून दोन भाज्या, वरण, कधी भात घेऊन घर. तुम्ही नसता तर माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या नोकऱ्या टिकल्या नसत्या. हे मनापासून सांगतेय आणि सुरुवातीलाच सांगतेय, कारण पुढे जे लिहिणारे त्यात थोडी तक्रार आहे आणि ती वाचताना तुम्हाला असं वाटायला नको की ही बाई नुसती चुका काढायला बसलीये.

मला सिलियाक नावाचा आजार आहे. २०१६ साली कळलं, तेव्हा मी ३८ वर्षांची होते. गहू, जव आणि राय (हे परदेशी धान्य, आपली मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं, कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळेच. ते पोटात गेलं की माझी स्वतःची प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सगळं सत्त्व तीच ओढून घेते, ती लव झिजून सपाट होते आणि मग कितीही खा, अंगी लागत नाही. कळायच्या आधी जवळजवळ दहा वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते, हिमोग्लोबिन साडेसात, कधी आठ, आणि सगळे सांगायचे बायकांचं असतंच कमी. पोट फुगायचं तर गॅस, जुलाब व्हायचे तर बाहेरचं पाणी, तोंड यायचं तर उष्णता. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी टेस्ट (सिलियाकमध्ये हा आकडा वर जातो) आणि एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा उलगडा झाला. यावर अजून गोळी नाही. औषध एकच, ग्लुटेन बंद, आणि तेही आयुष्यभर.

बरं हा आजार एकटा राहत नाही. मला थायरॉइड आहे, तोही प्रतिकारशक्तीच्याच गोंधळातून झालेला, सिलियाक असलेल्यांमध्ये तो बऱ्याचदा सापडतो. हाडं माझ्या वयाच्या मानाने ठिसूळ झालीयेत कारण इतकी वर्षं कॅल्शियम लागलंच नाही. दूध पचत नाही, कारण दुधातली साखर फोडणारं एन्झाइम त्याच झिजलेल्या लवेवर असतं, आतडं बरं असलं की दही थोडं चालतं आणि बिघडलं की चहातलं दूधसुद्धा सोसत नाही. सकाळी सव्वापाचला थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नंतर पाऊण तास काही नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या नाहीतर ती लागू पडत नाही. आणि हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. पोट बिघडलं की ती गोळी आतड्यातून नीट ओढलीच जात नाही, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर जातो, डॉक्टर डोस वाढवतात, मग दोन-तीन महिन्यांनी आतडं सुधारलं की तोच डोस जास्त होतो आणि छातीत धडधड सुरू. म्हणजे एका घासाची किंमत मी तीन महिने, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे चुकवत असते.

म्हणून तो घास कुठून आला ते सांगायचंय.

आमच्या भागातल्या एका केंद्रातून मी रोज ज्वारीच्या दोन भाकऱ्या घ्यायचे. नाव लिहिणार नाही, माणसं चांगली आहेत. पहिल्या दिवशीच विचारलं होतं, मावशी, नुसती ज्वारीच ना, गहू नाही ना त्यात? हो हो ताई, ज्वारीचीच. तीन महिने खाल्ल्या. त्या तीन महिन्यांत माझं वजन चार किलो उतरलं, तोंडात परत फोड, गुडघे दुखायला लागले, दुपारी ऑफिसात डोकं असं जड व्हायचं की समोरच्या स्क्रीनवरचे आकडे कळेनात. डॉक्टर विचारायचे बाहेरचं काय खाता, आणि मी ठामपणे सांगायचे, गव्हाचं काहीच नाही, भाकरीसुद्धा ज्वारीची. मग एका शनिवारी लवकर गेले, भाकऱ्या व्हायच्या होत्या, मावशींनी आत बोलावून स्टुलावर बसवलं. त्यांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, नळाचं पाणी घातलं, मळलं, पीठ फाटत होतं, परत मळलं, आणि शेजारच्या डब्यातून, जिथून त्यांची सून पोळ्यांसाठी कणीक घेत होती, एक मूठ कणीक उचलून ज्वारीत टाकली. आपण आमटीत मीठ टाकतो तितक्या सहज. मी म्हटलं मावशी हे काय? तर म्हणाल्या, अगं थोडीशीच, नुसती ज्वारी मोडते, गिऱ्हाईक परत आणतं.

मला राग आला, रडूही आलं, तिथेच, त्या स्टुलावर. मावशी घाबरल्या. पाण्याचा ग्लास आणला, पदराला हात पुसत माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, मला वाटलं तू डाएट करतीस. आणि खरंच, मी त्यांना काय सांगितलं होतं? गहू नको, एवढंच. का नको ते नाही. सकाळी साडेसातची गर्दी, मागे आठ माणसं उभी, त्यात मी कुठे आजार समजावत बसणार. पण त्यांनीही थोडीशी टाकतो हे सांगितलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने थोडीशी म्हणजे नाहीच.

या ‘थोडीशी’साठीच हे पत्र आहे.

एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलियाकच्या माणसाला दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकदा त्रास होत नाही, आणि रोज ५० मिलिग्रॅम काही महिने पोटात गेलं तर आतडं परत झिजायला लागतं असं अभ्यासात दिसलंय. आता हिशेब करा, पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे माझी दिवसाची मर्यादा. पोळपाटावर उरलेलं पीठ, पोळीच्या तव्यावरची भुकटी, पोळीला लावलेला चमचा परत तुपात बुडवणं, एवढ्यात ती संपते. मावशींनी मूठभर टाकली होती.

लोकांना वाटतं हे ग्लुटेनचं वगैरे नवीन फॅड आहे, पैसेवाल्यांचं. मला तोंडावर म्हणालेत लोक. हे फॅड नाही हो. विलेम डिके नावाचे एक डच डॉक्टर होते, लहान मुलांचे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा त्यांचा गव्हावर आधीपासून असलेला संशय बळावला, कारण एरवी जुलाबांनी खंगलेली मुलं पावाशिवाय सुधारतायत आणि पाव परत आला की परत आजारी पडतायत. त्यावरून त्यांनी गव्हाचं कारण पक्कं केलं, १९५० मध्ये प्रबंध लिहिला. आणि आपल्याकडे उत्तर भारतात, जिथे गहू रोजचा, तिथे तपासणी केली तर साधारण शंभरात एकाला हा आजार निघालाय. आपल्या महाराष्ट्रात ज्वारी-बाजरी-तांदळाची सवय होती, आता मुंबईत तर तिन्ही वेळा गहू आहे, पोळी, पाव, बिस्किट, म्हणून मला वाटतं तुमच्या काउंटरवर येणाऱ्यांत माझ्यासारखे कितीतरी असतील, ज्यांना स्वतःलाच अजून माहीत नाही.

गहू कुठे कुठे लपतो ते मला या आजाराने शिकवलं, आणि मला वाटतं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही हे नवीन असेल. हिंग घ्या. खरा हिंग म्हणजे झाडाचा चीक, इतका उग्र की तसा वापरताच येत नाही, म्हणून बांधणीचा हिंग करताना त्यात गोंद आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं, डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे तुमचं साधं वरण, ज्याला आपण आजारी माणसाचं जेवण म्हणतो, ते मला चालेलच असं नाही. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, फक्त डबी उलटी करून वाचायला लागतं. मेतकूट बघा. पोट बिघडलं की मऊ भात, तूप, मेतकूट, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहितीये, आणि मेतकुटात डाळींबरोबर गहूही भाजून घालतात. मला फ्लेअर आला, म्हणजे आजार परत उसळला, की सासूबाई मायेने तेच वाढायच्या आणि चार दिवसांचा त्रास आठ दिवस चालायचा, आम्हा दोघींना कळायचंच नाही का ते. आता मी बिनगव्हाचं मेतकूट घरी करते. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सोया सॉसमध्ये गहू. फरसाणात मैद्याचे तुकडे. मालवणी खानावळीत सुरमई रव्यात घोळवलेली, आणि तांदळाच्या पिठातली मागितली तरी त्याच तव्यावर, त्याच तेलात. साबुदाणा वडा स्वतः निर्दोष, पण तो समोसा आणि ब्रेड पकोड्याच्या कढईत तळला की संपलं. उकडीच्या मोदकाला तर मी डोळे झाकून हो म्हणायचे, तांदळाचाच ना, मग एकीने सांगितलं की पारी फुटू नये म्हणून ती चमचाभर मैदा घालते.

आणि नाचणीची बिस्किटं. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून तर प्रत्येक दुकानात नाचणी, ज्वारी, बाजरीचं काहीतरी आहे, मला किती आनंद झाला होता. पाकीट उलटं केलं की पहिलं नाव मैदा किंवा गव्हाचं पीठ. मल्टिग्रेन भाकरीतही तेच. हे खोटं आहे असं म्हणत नाही, पाकिटावर लिहिलेलं तरी असतं. पण तुमच्या काचेच्या बरणीत, बिनलेबलच्या पिशवीत जी ‘नाचणी कुकी’ असते तिच्यावर काही लिहिलेलं नसतं, तिथे माझा सगळा भरवसा तुमच्या शब्दावर असतो.

फ्लेअर म्हणजे काय ते सांगते, कारण ऑफिसात सगळ्यांना वाटतं पोट बिघडणं म्हणजे एक दिवस दहीभात खाऊन बरं होणं. खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी पोट नगाऱ्यासारखं होतं, मग पिळ, मग दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतं आणि मधे धीर धरणं जमत नाही. लोकलच्या डब्यात टॉयलेट नसतं हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून फ्लेअर असला की मी फास्ट पकडतच नाही, फास्टचे थांबे लांब लांब, घाटकोपर सुटलं की कुर्ला आणि मग थेट दादर, तेवढी दहा-बारा मिनिटं मला झेपत नाहीत. स्लो पकडते, दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येतं, आणि कुठल्या स्टेशनवर कुठल्या टोकाला टॉयलेट आहे, ब्रिजच्या पुढे की मागे, ते मला पाठ आहे. पर्समध्ये एक सलवार जास्तीची, ओआरएसची पाकिटं, सुटे पैसे, टिश्यू. एकदा हे सगळं असूनही वेळेत पोचले नाही. मधल्या एका स्टेशनवर उतरून बाकावर ओढणी गुंडाळून बसून राहिले, नवरा ठाण्याहून येईपर्यंत, सव्वा तास. एक अनोळखी कोळीण बाई न विचारता माझ्या शेजारी येऊन बसली, तिची पाटी माझ्यासमोर ठेवली आडोशाला, काही बोलली नाही, तो येईपर्यंत उठली नाही. ते कधी विसरणार नाही मी.

त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या पार्टीत एका हॉटेलातली पनीरची ग्रेव्ही घेतली होती, पोट तेव्हा शांत होतं म्हणून तेवढं धाडस केलं होतं. विचारून घेतली होती. ग्रेव्हीला मैदा लावता का? नाही मॅडम. नंतर कळलं मैदाच होता.

आता तुम्ही म्हणाल एवढं कोण सांभाळणार, इथे दिवसाला तीनशे पोळ्या आठच्या आत लाटायच्या असतात. मला ते माहितीये. पण एक सांगू, तुम्हाला हे जमतं, तुम्ही ते रोज करता. जैन ऑर्डर आली की तुम्ही वेगळी कढई घेता, पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घालता, कांद्याची सुरी लावत नाही. एकादशीला, चतुर्थीला उपासाचं वेगळं भांडं, सैंधव मीठ, वेगळं तेल. श्रावणात अख्खी खानावळ बदलून टाकता. गिऱ्हाइकाचा विश्वास जपायचा म्हणून वेगळं ठेवणं हे या शहरातल्या स्वयंपाकघरांना जितकं कळतं तितकं कुठेच कळत नसेल. मी तर पोट नाजूक असतं तेव्हा मुद्दाम जैन मागवते, कारण तेव्हा कांदा-लसूणही झेपत नाही, आणि तुमचा माणूस ‘जैन’ शब्द ऐकल्या ऐकल्या सरळ उभा राहतो, एकदाही कोणी म्हटलं नाही की थोडासा लसूण चालतो हो. तीच दक्षता मला आजारासाठी हवीये.

काय करायचं तर फार काही नाही. भाकरीचं आधी बोलते. नुसती ज्वारी मोडते ही गोष्ट खरी नाही, गार पाण्याने मळली तर मोडते. पाणी खळखळ उकळवून पिठावर ओता, उलथण्याने हलवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग सोसवेल इतपत गरम असताना मळा, उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो, कणकेची गरजच पडत नाही. पीठ मात्र ताजं हवं, जुन्या पिठाची विरी गेलेली असते. माझी आजी सोलापूरकडची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा, त्याचीसुद्धा ती अशीच भाकरी थापायची आणि घरात तेव्हा मिसळायला गहू नव्हताच. माझ्या हाताला आधी जमेना, पहिल्या महिन्यात किती मोडल्या, आता गोल येते.

गिरणीचं पण बघावं लागतं, कारण गव्हावर लगेच ज्वारी दळली की पहिल्या किलोभर पिठात गहू येतोच. गिरणीवाल्याला सांगून आधी थोडा तांदूळ टाकून दळून घ्यायचा, तो बाजूला काढायचा आणि मग ज्वारी. मी हे दोन वर्षं केलं, मग दिवाळीच्या बोनसमधून घरघंटी घेतली. तुम्ही पन्नास किलो दळता, तुमचं गिरणीवाला नक्की ऐकेल.

बाकी एक तवा आणि एक परात फक्त भाकरीची ठेवा, जमलं तर. नाही जमलं तरी चालेल. मला वेगळं किचन नकोय, मला फक्त खरं सांगा. हिंगाची डबी दाखवा, मी वाचून घेईन. ग्रेव्हीत मैदा आहे तर आहे म्हणा. तव्यावर पोळी भाजली होती तर भाजली होती म्हणा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्याचा मला अजिबात राग येत नाही, उलट मी तुम्हाला धन्यवाद म्हणून केळी घेऊन पुढे जाईन आणि दुसऱ्या दिवशी परत येईन. जिथे मला खोटं ‘हो’ मिळालं तिथे मी परत कधी गेले नाही.

कायद्याचंही सांगते, धमकी म्हणून नाही. तुमच्या भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर असतो. त्यांच्याच २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत पाकीटबंद मालावर गहू, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, अंडी, मासे हे सगळं स्पष्ट लिहायला सांगितलंय, आणि ज्यांचं सेंट्रल लायसन्स आहे किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं आहेत त्यांनी मेनूबरोबर ही माहिती द्यायची आहे. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तुमच्यासारख्या एका गाळ्यातल्या केंद्राला मेनूची ही सक्ती नाही, म्हणूनच मी नियम दाखवत नाहीये, विनंती करतेय. एक पाटी लावा फार तर, खडूने लिहिलेली, आज कशात गहू आहे, कशात दूध आहे, कशात शेंगदाण्याचा कूट आहे. कुटाची अ‍ॅलर्जी मला नाही पण माझ्या मैत्रिणीच्या मुलाला आहे, त्याचा तर घसा सुजतो, आणि आपल्याकडे कूट काकडीच्या कोशिंबिरीपासून भेंडीपर्यंत सगळीकडे असतो.

केटररदादांना वेगळं सांगायचंय. मागच्या वर्षी भाच्याची मुंज होती, दादरच्या हॉलमध्ये. मी पंधरा दिवस आधी केटररला स्वतः फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम आपलं सगळं शुद्ध शाकाहारी, घरगुती, बिलकुल काळजी करू नका. ते मनापासून म्हणाले, पण मी काय विचारलं ते त्यांना पोचलंच नाही. त्या दिवशी मसालेभातात कुठला हिंग आहे हे वाढप्यांपैकी कोणालाच सांगता येईना, मुख्य आचारी मागे कुठेतरी होते, पंगत बसली होती. मी साधा भात, तूप, लिंबू, मीठ घेतलं. तर एक मुलगा आग्रह करत आला आणि मी हात आडवा धरेपर्यंत भातावर पुरी पडली. गरम, तुपकट पुरी, तिच्याबरोबर आलेलं पीठ भातावर दिसत होतं. आग्रह ही आपली रीत आहे, तिच्यात प्रेम असतं, मलाही आवडते. पण कोणी पानावर हात आडवा धरला तर तो खरंच आडवा आहे असं समजायला तुमच्या मुलांना शिकवा. मी पान तसंच सोडून उठले आणि बहिणीला वाटलं मी रुसले. आणि शक्य असेल तर अशा एखाद्या पाहुण्याचं ताट आधीच, स्वयंपाक सुरू व्हायच्या वेळी, झाकून बाजूला काढून ठेवा, फक्त वरणभात आणि एक भाजी. तेवढं केलं ना तर ते माणूस तुम्हाला जन्मभर विसरणार नाही.

असं करणारे आहेत. आमच्या ऑफिसमागे एक छोटी मालवणी खानावळ आहे, सहा टेबलं. तिथल्या काकांना मी पहिल्यांदा सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, ऐकलं आणि म्हणाले, वडे नाय, तळलेला मासा नाय, तिकल्यात (माशाच्या तिखट कालवणात) हिंग आम्ही घालतच नाय पण मसाला कुठून येता तो विचारून सांगतंय, आज तू भात आणि सोलकढी खा. दोन दिवसांनी मसाला दळणाऱ्या बाईशी बोलून त्यांनी मला निरोप दिला की त्यात गहू नाही, नुसते मिरची, धने आणि गरम मसाले. आता महिन्यातून एकदा, सोमवारी संध्याकाळी तवा घासून झाला की ते माझ्यासाठी एक बांगडा तांदळाच्या पिठात, नव्या तेलात तळून देतात. त्याचे जास्त पैसे लावा म्हटलं तर लावत नाहीत. सात वर्षांत मी बाहेर बसून खाल्लेला पहिला मासा तो.

आणि मावशी. त्या शनिवारनंतर दोन महिने मी त्यांच्याकडे गेलेच नाही, समोरच्या फुटपाथने जायचे. मग एकदा त्यांनीच हाक मारली. आत नेलं, एक नवीन लोखंडी तवा दाखवला, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला, आणि गॅसवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. म्हणाल्या, आता बघ मी कशी करते. मी उभी राहून बघितलं. विश्वास बसायला वेळ लागला, पहिले पंधरा दिवस मी फक्त अर्धीच खायचे, मग एक, मग दोन. या वेळी रक्त तपासलं तेव्हा टीटीजी बराच खाली आलाय.

परवा सकाळी गेले तर काउंटरवर पोचायच्या आधीच मावशींनी आतून हात हलवला. आज नको घेऊस गं, सून आजारी आहे, नवीन पोरीने त्याच परातीत कणीक मळली, मी घासलीये पण आज नकोच.

मी बरं म्हटलं, समोरून दोन केळी आणि चुरमुरे घेतले आणि आठ वीसची स्लो पकडली.

आपली,
मुलुंडची एक गिऱ्हाईक